शेवटचं पत्र कवितेत कसं उतरवावं: कोकणातल्या नवोदितांसाठी

जुलै उजाडला की फोन सुरू होतात. २६ तारखेला कारगिल विजय दिवस, मागोमाग १५ ऑगस्ट. शाळेतल्या बाई विचारतात, वाचनालयाचे चिटणीस विचारतात, कॉलेजची मुलं तर सरळ कविताच पाठवतात आणि खाली लिहितात, 'सर, जरा बघा ना.' विषय बहुतेकांचा एकच: सीमेवरच्या जवानाने घरी लिहिलेलं शेवटचं पत्र. या कवितांतला जवान छातीत गोळी लागल्यावर पत्र लिहायला बसतो. शाई नसते म्हणून रक्ताने लिहितो. आईला रडू नको सांगतो, बायकोला कुंकू पुसू नको सांगतो, आणि शेवटच्या कडव्यात तिरंग्यात गुंडाळून गावच्या तिठ्यावर येतो.

यमकं जुळलेली असतात, टाळ्याही पडतात. पण छातीत गोळी लागलेला माणूस पाणी मागतो, कागद मागत नाही. ज्याला या विषयावर मनापासून लिहायचं आहे त्याने सुरुवात कुठून करावी, काय शोधावं, कशाच्या वाटेला जाऊ नये, ते इथे एकदा नीट लिहून ठेवतो. नियम म्हणून घेऊ नका. पहिल्या दोन-चार कवितांपुरतं उपयोगी पडलं तरी पुरे.

आधी पत्र कोणतं ते ठरवा

काही जण हल्ल्याच्या आदल्या रात्री समजून-उमजून निरोपाचं पत्र लिहितात आणि सोबत्याकडे देऊन ठेवतात. मी परत आलो नाही तर टपालात टाक, एवढंच सांगून. या पत्राला मरण माहीत असतं. नवख्याने याला हात घालू नये असं माझं मत आहे. बोलायचं ते सगळं त्यात आधीच बोलून झालेलं असतं. कवीला काही उरत नाही, मग तो आवाज चढवतो.

दुसरं साधं पत्र. नेहमीसारखं लिहिलेलं, नेहमीसारखं टाकलेलं, आणि त्यानंतर आलंच नाही असं. हे शेवटचं आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही, घरच्यांनाही नाही. ठाऊक आहे ते फक्त कवीला आणि ऐकणाऱ्याला. तुमची कविता त्या फटीत आहे.

तिसरं उशिरा पोचलेलं पत्र. तार आधी आली, पत्र मागाहून. यात घटना आयतीच असते, म्हणून सोपं वाटतं. पण घटनेच्या जिवावर कविता ढकलायचा मोह फार होतो, तेवढा सांभाळा.

साधं पत्र किती जड असू शकतं याचं एक उदाहरण बाहेरचं देतो. विल्फ्रेड ओवेन हा इंग्रज कवी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढत होता. ४ नोव्हेंबर १९१८ ला एका कालव्याच्या काठावर तो मारला गेला. आठवड्याने, ११ नोव्हेंबरला युद्ध संपलं, आणि गावात युद्ध संपल्याच्या घंटा वाजत असताना त्याच्या घरी तार पोचली. त्याने आईला लिहिलेलं शेवटचं पत्र आहे ३१ ऑक्टोबरचं. एका घराच्या तळघरात बसून लिहिलेलं. त्यात काय आहे? चुलीचा धूर इतका की फूटभरावरची मेणबत्ती धड दिसत नाही. दाटीवाटी इतकी की लिहिताना कोपर लागतात. एक जुना शिपाई बटाटे सोलून भांड्यात टाकतोय, दुसरा लाकडं फोडतोय, ओली लाकडं धुमसताहेत. आणि इथे खाली काही धोका नाही, असलाच तर तू हे वाचेपर्यंत टळलेला असेल, असा आईला दिलासा. युद्धावर इतकं जहाल लिहिणारा हा माणूस शेवटच्या पत्रात बटाट्यांवर येऊन थांबला होता. कवितेचा धडा याहून वेगळा शोधायची गरज नाही.

मग साहित्य जमवा

या विषयावर बसल्या जागी सुचत नाही. सुचलं तरी ते सिनेमातलं सुचतं. आपल्या पट्ट्यात शोधायला जागा मात्र भरपूर आहेत.

पहिली जागा म्हणजे ट्रंक. पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या घरी काळी लोखंडी ट्रंक असतेच. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत पेन्शनची कागदपत्रं, पदकं, आणि रबराने बांधलेली निळी आंतरदेशीय पत्रं. ती हातात घेतलीत तर मजकुराबरोबर कागदही वाचा. आंतरदेशीय पत्राला जागा थोडी, त्यामुळे अक्षर शेवटाकडे बारीक होत जातं आणि राहिलेली वाक्यं समासातून उभी चढतात. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहुधा त्या उभ्या ओळीत असते, कारण ती शेवटी आठवलेली असते. पाठवणाऱ्याचा पत्ता बघा: नंबर, हुद्दा, युनिट, आणि मार्फत ५६ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. पूर्वेकडच्या तुकड्यांना ९९ ए.पी.ओ. गावाचं नाव नाही, डोंगराचं नाही, राज्याचंही नाही. मुलगा बर्फात आहे की वाळवंटात, हे आईला पत्त्यावरून कळायची सोय नाही. या एका गोष्टीवर अख्खी कविता उभी राहील.

मनिऑर्डरची कुपनं राहिली असतील तर ती सोडू नका. एके काळी आपल्या कोकणाचा संसार मनिऑर्डरवर चाले. मुंबईची असो की पलटणीची. फॉर्मच्या तळाशी चार ओळींची जागा असायची आणि पैसे दिल्यावर पोस्टमन तो तुकडा फाडून घरच्यांना द्यायचा. 'पैसे पाठवले आहेत. सोसायटीचा हप्ता भरावा. बाळाला औषध आणावे.' कित्येकांचं शेवटचं पत्र म्हणजे हे कुपनच. इतक्या कमी जागेत माणूस काय लिहितो आणि काय लिहीत नाही, ते बघण्यासारखं असतं.

दुसरी जागा गावातला दगड. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने पुष्कळ गावांत छोट्या शिळा बसवल्या. या गावातून महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, अशा अर्थाचा मजकूर आणि १९१४-१९१९ ही वर्षं. नाव एकही नाही, नुसते आकडे. शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत असा दगड चुन्याखाली दडपलेला असू शकतो. म्हाताऱ्यांना विचारा.

तिसरी जागा मोबाइलवर आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद फुकट शोधता येते. मराठा पलटणीचं नाव घाला, जोडीला रत्नागिरी किंवा कुलाबा घाला. कुलाबा म्हणजे आताचा रायगड, हे विसरलात तर अर्धी माणसं हातची जातील. नोंदीत बऱ्याचदा बापाचं किंवा बायकोचं नाव आणि गाव सापडतं. गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं, त्यामुळे स्पेलिंग चार तऱ्हांनी करून बघावं लागतं. या नोंदींची आणखी एक गोष्ट माहीत असावी. इराकमधल्या बसरा स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची स्मृती आहे. तिथल्या मूळ भिंतीवर गोऱ्यांची नावं कोरली, आपल्यातल्या सुभेदार-जमादारांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा दिला. गावातल्या दगडावर आकडा, बसऱ्याच्या भिंतीवरही आकडा. मधलं नाव कुठे गेलं, हे विचारायचं काम कवीचं.

कोकणात शिपाई म्हणजे फक्त पलटण असं समजू नका. आपल्या बंदरांवरच्या कितीतरी घरांतले पुरुष बोटीवर खलाशी होते. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांवर हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आपल्या नौदलाची 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. बोटीवरच्या माणसाच्या पत्राला एक वेगळीच कळ असते: ते पुढच्या बंदरात टाकायचं म्हणून खिशात ठेवलेलं असतं.

आणि दापोली. जुनी माणसं अजून तिला कॅम्प म्हणतात, कारण तिथे इंग्रजांच्या फौजेचा तळ होता आणि पेन्शनर शिपायांची वस्ती होती. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथे राहिले. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. महार पलटणींतल्या कुटुंबांत लिहिणं-वाचणं गावाच्या आधी आलं, ते फौजेतल्या शाळांमुळे. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. अशा घरातल्या शिपायाचं पत्र लिहायला घ्याल तर एक प्रश्न टाळता येणार नाही: परमुलखात ज्याला सलाम मिळतो त्याला गावच्या पाणवठ्यावर काय मिळतं? या अंगाने आपल्याकडे अजून पुरेशी कविता आलेली नाही असं मला वाटतं.

माणूस एकच निवडायचा असेल तर रायगडातल्या माणगावला जा. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथेच गोळी लागून गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं ते त्यांच्या पत्नीच्या हाती. त्यांची कबर नाही. इटलीतल्या कसिनो स्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतल्याच मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघडीचं स्मारक उभं राहिलं. अशा थोर माणसावर लिहिताना मात्र त्याच्या तोंडी बनावट पत्र घालू नका. त्यापेक्षा पत्राची वाट बघणाऱ्या घरावर लिहा, किंवा त्या घड्याळावर.

पत्राला हात कुणाचा, तोंड कुणाचं

शंभर वर्षांपूर्वीचा शिपाई बहुधा स्वतः लिहीत नसे. तो सांगायचा, लिहिता येणारा कुणी सोबती किंवा लेखनिक लिहायचा. मग सेन्सॉर, म्हणजे पत्रं तपासणारा अधिकारी, वाचायचा. मग टपाल. गावात आईला वाचता येत नसे, तेव्हा पोस्टमन किंवा शाळामास्तर ओटीवर बसून वाचायचा आणि आजूबाजूचे सगळे ऐकायचे. बायकोसाठी म्हणून जे होतं ते सासू-सासऱ्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर मोठ्याने वाचलं जायचं. मग त्यात बायकोसाठी काय उरत असेल? फार तर 'सर्वांना नमस्कार'मधला एक नमस्कार.

सेन्सॉरमुळे शिपाई आडवळणाने लिहायला शिकले. फ्रान्समधून गेलेल्या हिंदी शिपायांच्या पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची असे उल्लेख सापडतात. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. काळी संपत आली, आता लाल वापरायला काढताहेत, असं घरी कळवायचं. आपल्याला हे नवं नाही. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेलं सावकारी पत्र तुम्ही शाळेत ऐकलंच असेल: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याच्या खुर्द्याची तर गणतीच नाही. श्रीवर्धनच्या भटांच्या घराण्यातल्या पेशव्याला आपला मुलगा आणि भाऊ गेल्याची बातमी व्यापाऱ्याच्या हिशोबातून कळली. आणि खुर्दा म्हणजे साधे शिपाई, तिथेही गणतीबाहेर.

नवख्या कवीसाठी यातून एक सराव निघतो. एका कागदावर शिपायाला खरं काय सांगायचं होतं ते लिहा. दुसऱ्यावर लेखनिकाने काय लिहिलं ते. तिसऱ्यावर मास्तराने ओटीवर काय वाचून दाखवलं ते. बहुतेक वेळा तिसरा कागद कविता म्हणून सर्वांत चांगला निघतो.

मायना वापरा, तो फुकट मिळालेला छंद आहे

आपल्या जुन्या पत्रांचा साचा ठरलेला. वर श्री. मग तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. पत्रास कारण की. धाकट्यांना अनेक उत्तम आशीर्वाद. लोभ असावा ही विनंती. आणि कुणीतरी राहिलं म्हणून ताजा कलम. आघाडीवरून लिहिलेल्या पत्रात 'इकडील सर्व क्षेम' हे वाक्य काय बनतं ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच सांगू नका. नुसतं लिहा आणि पुढे चला.

मरणाची बातमी कळवायच्या कार्डावर वर 'श्री' घालत नसत आणि एक कोपरा फाडत. कार्ड हातात येताच, वाचायच्या आधी, कळायचं. वाचून झालं की ते घरात ठेवायचं नाही. तुमच्या श्रोत्यांत पन्नाशीच्या पुढचं कुणी असेल तर फाटलेला कोपरा एवढा एक शब्द पुरतो. तरुणांसाठी एखादी ओळ जास्त लागेल.

एक वस्तू, एक काम, एक तारीख

पत्रातल्या माणसाला घरचं एक काम द्या. देशभक्ती त्याच्याकडे आहेच. ती पत्रात लिहायला तो बसलेला नाही. तो विचारतोय की कौलं परतली का, तरवा काढायला माणसं मिळाली का, कलमाला मोहोर आला का, गडगा कोसळला होता तो रचला का, म्हशीचं पारडू दूध पितं का. आणि तारीख द्या. कोकणी माणूस परत यायचा वायदा दोनच वेळांचा करतो, शिमग्याचा किंवा गणपतीचा. 'गणपतीला रजा मिळते का बघतो' या वाक्यात चतुर्थीची तारीख आपोआप घड्याळासारखी चालू लागते.

छंद कोणता घ्यावा? मुक्तछंद सोपा वाटतो म्हणून मुलं तो घेतात आणि गद्य तोडून ओळी करतात. मी मोठा अभंग सुचवतो. चार चरण, पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, दुसऱ्या आणि तिसऱ्याचं यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. शेवटचा चरण आखूड असल्याने बोलताना श्वास तुटल्यासारखा थांबतो, आणि या विषयाला तो थांबा मानवतो. शाकारणीचं, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायचं, काम घेऊन नमुन्यापुरतं करून दाखवतो:

पत्रास कारण । शाकारा हो घर ।
मिरगाची सर । येण्याआधी ॥

इथे सारे ठीक । नका करू घोर ।
रजेवर पोर । भादव्यात ॥

कौले झाली नीट । गळेना ओसरी ।
तार आली दारी । त्याच दिशी ॥

अक्षरं मोजून बघा. यात युद्ध, शत्रू, रक्त, बलिदान यांपैकी काही नाही. तिसऱ्या कडव्यात आवाज बदलतो, पत्र संपून घर बोलू लागतं, तेही न सांगता. हे फार थोर काव्य आहे असं मी म्हणत नाही. पण काम कसं चालतं ते दिसावं. 'शाकारा हो घर'च्या जागी 'लढा देशासाठी' घालून बघा, सहाच अक्षरं आहेत, पण कविता जागच्या जागी कोसळते.

सुनीतही, म्हणजे चौदा ओळींची कविता, चालेल. केशवसुत आपल्या मालगुंडचे. मराठीत सुनीत त्यांनीच आणलं. आठ ओळी पत्राच्या, सहा ओळी घरच्या, अशी वाटणी त्यात छान होते. पोवाडा मात्र जपून. डफ वाजला की पराक्रम आलाच, आणि पराक्रम आला की आईचं गळकं छप्पर कुणाला आठवत नाही. जात्यावरच्या ओवीची चाल येत असेल तर तीच घ्या, कारण पत्र ऐकून झाल्यावर दळायला बाईच बसायची.

बोली: घरात बोलतात ती

शिपाई मालवणचा असेल आणि पत्रात 'मी कुशल आहे, चिंता नसावी' लिहीत असेल तर ते खरंच आहे, कारण कागदावर प्रमाण भाषा उतरायची. गंमत तेव्हा येते जेव्हा लेखनिकाच्या हातून एखादं घरचं वाक्य निसटतं: 'आये, मी बरो आसंय. रेडो इकू नको, मी इलंय काय बघूया.' सगळी कविता बोलीत लिहिण्यापेक्षा प्रमाण मायन्याच्या मधोमध असं एखादं वाक्य ठेवलं तर ते जास्त लागतं. संगमेश्वरी असेल तर संगमेश्वरी, दालदी असेल तर दालदी. पण जी घरात ऐकलेली नाही ती बोली नाटकातून उचलू नका. पहिल्या ओळीलाच पकडले जाल.

व्यर्थता सांगायची कशी

'युद्ध नको, बुद्ध हवा' ही घोषणा आहे. चांगली आहे, पण ती भिंतीवर शोभते. कवितेत हिशोब मांडावा आणि बेरीज ऐकणाऱ्यावर सोडावी.

मेसोपोटेमियाचं बघा, म्हणजे आताचा इराक. डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीच्या एका वळणावरच्या कुत या गावात इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आलं, घोडे कापायची पाळी आली. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी ते मांस खायला बराच काळ नकार दिला आणि उपासाने खंगत गेले. विमानांतून पोती टाकली जात होती. एकदा तर दळणासाठी जात्याचा दगड पॅराशूटच्या छत्रीला बांधून खाली सोडला. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यांना सोडवायला आलेल्या फौजेची मेलेली आणि जखमी झालेली माणसं किती? जवळपास २३ हजार. शरण गेलेल्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत मेले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये इंग्रजांनी बगदाद घेतलंच.

तेरा हजारांना सोडवताना तेवीस हजार पडले आणि तेरा हजार सुटले नाहीत, या वाक्यापुढे 'युद्ध किती निरर्थक' असं लिहायची गरज आहे का? आणि आकाशातून उतरणारं ते जातं! जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायकांची मुलं ते खाली येताना बघत होती. ज्याला विषय सुचत नाही त्याने इथून सुरुवात करावी, माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा. व्यर्थ म्हणायचं ते युद्धाला. गेलेल्या माणसाचं जगणं व्यर्थ होतं असा सूर चुकूनही लागता कामा नये. पलटणीत जाणारा आपला पोरगा बहुतेकदा दीड एकर वरकस जमिनीत भागत नाही म्हणून गेलेला असतो. त्याच्या पगारावर बहिणीचं लग्न झालं, चिऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या. त्याचं धाडस खरं, त्याची नोकरी खरी, आईचा अभिमानही खरा. अभिमान आणि हळहळ एकाच घरात, एकाच ओटीवर नांदतात. एकीला हाकलून दुसरीवर लिहिलेली कविता त्या घरी वाचून दाखवता येणार नाही, आणि हीच तिची कसोटी समजा. शत्रूकडच्या शिपायालाही आई असते हे लिहायचं असेल तर लिहा, पण ते चौथ्या-पाचव्या कवितेत. पहिल्या कवितेत ते हटकून उसनं वाटतं.

आत्ताचं पत्र

पत्रं आता कुणी लिहीत नाही. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंदच झाली. आजच्या जवानाचा शेवटचा निरोप म्हणजे व्हॉट्सॲपवरचा आवाज, अर्धा वाऱ्यात हरवलेला. नेटवर्क आलं तेव्हा एकदम चार मेसेज. पाठवलेल्या मेसेजवर एकच खूण, दुसरी येतच नाही. वीस-बावीसच्या मुलांनी उगाच १९७१ मध्ये जाण्यापेक्षा हे लिहावं. फक्त तांत्रिक गमतीत अडकू नका. त्या आवाजात तो काय विचारत होता, रेशनकार्डावर नाव चढलं का हेच ना?

वाचण्याआधी

कविता झाली की चार दिवस ठेवा. मग मोठ्याने वाचा आणि ज्या ओळीला तुमचा स्वतःचाच गळा दाटतो तिच्यावर संशय घ्या. तिथे बहुधा ऐकणाऱ्यासाठी जागा ठेवलेली नसते. 'अमर', 'धन्य', 'वीरमाता', 'रणांगण', 'सांडले रक्त' हे शब्द शोधून एकेक काढून बघा. कविता पडली तर ती त्या शब्दांवरच उभी होती.

नंतर ती एखाद्या निवृत्त हवालदाराला किंवा सुभेदाराला ऐकवा. तो यमक बघणार नाही. नाईकाला दोन फिती असतात आणि हवालदाराला तीन, रात्रीच्या पहाऱ्यावर बॅटरी पेटवत नाहीत, पत्र आधी युनिटच्या टपालात पडतं, असल्या गोष्टी तो सांगेल. त्या मुकाट्याने दुरुस्त करा. श्रोत्यांत असे पाच-सहाजण मागच्या रांगेत बसलेलेच असतात.

कार्यक्रम शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा असेल तर आयोजकांना आधी विचारा की कुणी वीरपत्नी किंवा वीरमाता येणार आहे का. येणार असेल तर तिच्या समोर वाचायची कविता वेगळी निवडा, किंवा तिला आधी भेटून हीच वाचू का म्हणून विचारा. शेवटचं पत्र खऱ्या घरातलं असेल तर परवानगी लागतेच, मग तुम्ही नाव बदललं असलं तरी. गाव लहान असतं. रेडा कुणाचा ते सगळ्यांना कळतं. मूळ पत्राचा फोटो कुठेही टाकू नका, नंबर आणि युनिट कवितेत घेऊ नका. छापायला किंवा स्पर्धेला पाठवण्याआधी एक स्वच्छ प्रत त्या घरी नेऊन द्या. त्यांनी एखादी ओळ काढा म्हटलं तर काढा, कारण विचारत बसू नका. ओळ दुसरी सुचते.